दहिसरपर्यंत

माझं काम दहिसरपर्यंत.
पुढे इनास लोपीस आणि त्याची निळी सँट्रो,
इनासच्या पुढे मनोरचं कुणीतरी.
सुरुवात मला ठाऊक नसते,
शेवट दिसत नाही.
मी मधला.

एरवी गाडीत पाव असतात.
पहाटे साडेतीनला माझगावच्या बेकरीतून उचलायचे,
भायखळा, लालबाग, परळच्या हॉटेलांत टाकायचे.
साडेनऊला ट्रे रिकामे.
रविवारी ते बेकरीतच ठेवतो,
मागे गोधडी अंथरतो
आणि फोन कुठून येतो ते बघतो.

परवाची दारूखान्यातली.
जहाजं तोडतात तिथली.
पत्रा पडून मागचा उजवा पाय गेलेला.
सलामत नावाचा गॅसकटरवाला
दोन महिने तिला आपल्या डब्यातलं भरवत होता.
तो तिला रानी म्हणायचा.
दवाखान्याच्या कागदावर होतं:
मादी, तपकिरी, वय अंदाजे तीन.
नावाच्या रकान्यात आडवी रेघ.

सलामतनं तिला उचलून आत ठेवलं.
"ब्रेक हळू मारना भाई, तीन पैर है."
एवढं बोलून वळला, कामाला गेला.
इतक्या लवकर कुणी वळलं
की त्याच्याकडे बघू नये.

शीवपर्यंत ती उभीच.
वळण आलं की नसलेल्या पायावर भार द्यायची,
पडायची,
पुन्हा उभी.
मी अंड्यांच्या टेम्पोवाल्यासारखा चालवत होतो.
मागच्या टॅक्सीवाल्यानं
माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

वाकोल्याच्या पुलावर तिला वास लागला.
बारा वर्षांचा पाव आहे या पत्र्यात,
धुतला तरी जात नाही.
सीटच्या फटीत, दाराच्या रबरात चुरा.
तिनं कोपरा न् कोपरा चाटून काढला,
मग बसली. पोट टेकून, चपटी, उबदार,
भट्टीतून आत्ताच काढलेल्या लादीसारखी.
मी म्हटलं, "लादी."
एक कान हलला.
बारसं झालं.

गोरेगावला घोरायला लागली.
मी रेडिओ बंद केला
आणि बोलत सुटलो.
मैद्याचा भाव, पोराची दहावी, माझा गुडघा,
घरी महिन्यात एवढं बोलत नाही.
मनोरला निवृत्त मास्तरीणबाई आहेत,
आवार आहे, चिकूची दोन झाडं आहेत
असं ऐकलंय, तेही सांगितलं.
खात्री दिली नाही.

इनासला उशीर. पंक्चर.
नाक्याच्या अलीकडे चाळीस मिनिटं आम्ही दोघं.
एक ग्लुकोजचा पुडा, अर्धा अर्धा.
एकदा मनात आलं, सरळ जावं.
तासा-दीड तासाची वाट,
चिकू तरी बघून येऊ.
पण चारला ब्रूनचा माल निघतो.
दर रविवारी चारला निघतो.

इनास आला.
"चल गो बाय," म्हणत त्यानं तिला उचललं.
लादी सांगायचं राहिलं.
राहू दे. मास्तरीणबाईंनी म्हणे
जुई ठरवलंय.

सँट्रोच्या मागच्या काचेतून ती बघत होती.
मी हात केला.
पण नजर माझ्यावर नव्हतीच.
माझ्या पाठीमागे,
उघड्या दारावर, गोधडीवर होती.
तेव्हा डोक्यात उजेड पडला.
हिला हेच घर वाटलं होतं.
पत्र्याच्या भिंती, कोपऱ्या-कोपऱ्यात पाव,
आणि पुढे एक बडबड्या माणूस.

मी दार लावलं.
किल्ली फिरवून घर सुरू केलं
आणि यू-टर्न घेतला.

सोमवारी परळचा हॉटेलवाला म्हणाला,
"पावाला केस चिकटलाय बघ. तपकिरी."
म्हटलं, असेल.